ट्रेडिंग कार्ड पोस्टाने पाठवायचंय, पॅकिंग कसं करता? (पल्ला लांबचा, त्यात पावसाळा)

पिंपरीचा_पंटर
मंडळी, मदत हवी आहे. पोकेमॉन १५१ या कार्डसंचातला चारिझार्ड ईएक्स (१९९ नंबरवाला, ज्याच्यापायी लोक पाकिटांवर पाकिटं फोडतात) विकायला काढला होता, त्याला गिऱ्हाईक मिळालं. गिऱ्हाईक गुवाहाटीचं. पैसे आलेसुद्धा. सोबत क्रिकेट अटॅक्सची जुनी वीस-पंचवीस कार्डं द्यायची कबूल केली आहेत. ती तशी किरकोळ, पण कोपरे मुडपून पोचली तर बरं दिसणार नाही.

माझे आजवरचे सगळे व्यवहार पुण्यातच, हातोहात. घरात स्लीव्ह (कार्डाच्या मापाच्या मऊ प्लास्टिकच्या पिशव्या) आहेत, टॉपलोडर (एका बाजूने उघडी, कडक प्लास्टिकची पाकिटं) आहेत, बबल रॅपचा तुकडा आहे, सेलोटेप आहे आणि ऑनलाइन मागवलेल्या सामानाचे खोके ढीगभर आहेत. बाहेर धो धो पाऊस. कुरियर करू की स्पीड पोस्ट? आणि टॉपलोडरचं तोंड बंद कशाने करायचं? यूट्यूबवर जो तो 'पेंटर्स टेप' म्हणतो. आमच्या हार्डवेअरवाल्याकडे मागितली तर त्याने भिंतीच्या रंगाचं शेड कार्ड काढून दिलं.

खिडकीतली_मांजर
रुमाल टाकून ठेवते. मलाही पुढच्या महिन्यात पाठवायचंय.

चाफेकळी
पंटर, दुकानात 'मास्किंग टेप' माग, लगेच मिळेल. निळी मिळाली तर उत्तम. पिवळट मिळाली तरी चालेल, फक्त ती महिनोन्महिने ठेवू नये, गोंद मागे राहतो. सेलोटेप मात्र कपाटात ठेवून दे. सेलोटेपने बंद केलेला टॉपलोडर उघडताना माणूस नखाने खरवडतो, मग दाताने ओढतो, मग कात्री घेतो. त्या झटापटीत कार्ड सटकन बाहेर येतं आणि कोपरा टॉपलोडरच्या कडेवर आपटतो. प्रवासात जेवढी कार्डं खराब होतात ना, त्याहून जास्त उघडताना होतात, असं माझं स्पष्ट मत आहे. म्हणून पॅकिंग करताना उघडणाऱ्याचा हात डोळ्यासमोर ठेवायचा.

मी ठाण्यातून बऱ्यापैकी विकते. माझी पद्धत सांगते.

कार्ड आधी मऊ पेनी स्लीव्हमध्ये. स्लीव्हच्या तोंडाशी कोपरा अडकतो, तिथेच पहिली इजा होते, म्हणून स्लीव्हचं तोंड अंगठ्याने किंचित उघडून धरायचं आणि कार्ड तिरकं न घालता सरळ सोडायचं. मग स्लीव्हसकट टॉपलोडरमध्ये. नुसतं कार्ड टॉपलोडरमध्ये कधीही नाही, आतल्या कडक प्लास्टिकने होलोवर (कार्डाच्या चमकत्या भागावर) बारीक चरे पडतात. ते सरळ बघितलं तर दिसत नाहीत, दिव्याखाली तिरकं धरलं की सगळी जाळी दिसते.

टॉपलोडरच्या तोंडावर मास्किंग टेपची एक पट्टी, आणि तिचं एक टोक स्वतःवरच दुमडून ठेवायचं. ते टोक धरून ओढलं की टेप एका झटक्यात निघते. टीम बॅग (टॉपलोडर मावेल अशी चिकटपट्टीवाली प्लास्टिकची पिशवी) असेल तर टेपही नको, टॉपलोडर बॅगेत घालून तिची चिकटपट्टी बंद कर, झालं. पाण्यापासूनही वाचतं.

मग पुठ्ठा. तुझ्या त्या खोक्यांमधून दोन तुकडे काप, टॉपलोडरपेक्षा चारही बाजूंनी बोटभर मोठे. कापताना एक गोष्ट बघ. खोक्याच्या पुठ्ठ्यात आत नागमोडी कागद असतो, त्याच्या नळ्या एका दिशेने जातात. नळ्यांच्या समांतर पुठ्ठा सहज दुमडतो, आडवा दुमडत नाही. तर एका तुकड्यातल्या नळ्या उभ्या आणि दुसऱ्यातल्या आडव्या ठेव. मग ते सँडविच कुठल्याच बाजूला वाकत नाही. टॉपलोडर मध्यभागी ठेवून एका पुठ्ठ्याला मास्किंग टेपने टेकव, म्हणजे तो आत सरकणार नाही. वरून दुसरा तुकडा लावून चारही कडा बंद.

हे सगळं बबल मेलरमध्ये, म्हणजे आतून बबल रॅप लावलेल्या पाकिटात. हातात घेऊन कानाशी हलवून बघ. काही वाजलं तर पुन्हा उघड.

बाजीराव_रोडवरचा
एवढा खटाटोप? मी टॉपलोडरला बबल रॅपचे पाच-सहा वेढे देतो, वरून ब्राऊन टेप सगळीकडून फिरवतो, संपला विषय. आजपर्यंत एकाचीही तक्रार नाही.

चाफेकळी
तक्रार नाही म्हणजे उघडणारे सभ्य आहेत. ब्राऊन टेपमध्ये गुंडाळलेलं पार्सल मला आलं होतं, कटरशिवाय हात घालायला जागा नव्हती. आणि कटरचं पातं कुठवर गेलं ते उघडणाऱ्याला कळत नाही. शिवाय नुसता बबल रॅप वाकणं थांबवत नाही. तो धक्का झेलतो. वाकू न देण्याचं काम पुठ्ठ्याचं.

बाजीराव_रोडवरचा
बरं बाई, ब्राऊन टेपचं मान्य. बबल रॅपवर ठाम आहे.

टपालकाका
रेल्वे मेल सर्व्हिसमध्ये नोकरी केली, निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. कार्डांतलं मला काही कळत नाही, नातवामुळे हा धागा वाचला. पाकिटाचं पुढे काय होतं तेवढं सांगतो.

पातळ पाकिटं असली की त्यांची चळत करून सुतळीने आवळून बांधतात. आवळून म्हणजे चांगलीच, सैल राहिली तर थैलीत पसरते. चळतीत सगळ्यात वरचं आणि सगळ्यात खालचं पाकीट सुतळीखाली वाकतं. तुमचं पाकीट मधे येईल की कडेला, हे कोणाच्या हातात नाही. जाड पाकीट चळतीत बसत नाही, ते सुटं थैलीत जातं आणि मग त्याच्यावर काय पडेल ते पडेल. थैली गाडीतून उतरवताना फलाटावर ठेवत नाहीत, टाकतात. पाकिटावर 'नाजूक' लिहा, लाल शाईने लिहा, थैलीला वाचता येत नाही. म्हणून त्या ताईंचा पुठ्ठ्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर आहे.

दुसरं, शिक्का. काउंटरवर हल्ली बारकोडचं स्टिकर लागतं, पण तारखेचा शिक्का अजून हातानेच मारतात. लोखंडी ठसा, लाकडी मूठ, आणि मारणाऱ्याचा दिवस कसा गेला त्यावर जोर अवलंबून. शिक्का शक्यतो उजव्या वरच्या कोपऱ्याकडे बसतो. तेव्हा मोठं पाकीट घ्या आणि आतला माल डावीकडे खालच्या अंगाला बसवा.

तिसरं, पत्ता. माल आत घालून झाल्यावर पाकिटावर बॉलपेनने दाबून पत्ता लिहू नका. वेगळ्या कागदावर लिहून चिकटवा. पिनकोडचे सहाही आकडे सुटे आणि ठळक, आणि घेणाऱ्याचा मोबाइल नंबर. पाठवणाऱ्याचा पत्ता मागच्या बाजूला. हा लोक हमखास विसरतात आणि मग परत येणारं पाकीट कुठे जायचं ते त्यालाच ठाऊक नसतं.

पिंपरीचा_पंटर
काका, बॉलपेनचं कधी डोक्यातच आलं नसतं. धन्यवाद. मग रजिस्टर करू का? वडील म्हणतात रजिस्टरच कर, हातात सही घेऊन देतात.

टपालकाका
वडिलांना सांगा, रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं. आता स्पीड पोस्टच करायचं, आणि ज्याच्या नावावर आहे त्याच्याच हातात द्यायची सोय हवी असेल तर काउंटरवर तसं सांगून जादा पैसे भरायचे.

एक लक्षात घ्या, देशांतर्गत स्पीड पोस्टाची वस्तू हरवली किंवा खराब झाली तर भरपाईचा नियम असा आहे: भरलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा एक हजार रुपये, यातलं जे कमी असेल ते. म्हणजे साठ-सत्तर रुपये भरले असतील तर हातात काय येईल तुम्हीच बघा. महाग वस्तू असेल तर विमा उतरवून पाठवा, पोस्टात ती सोय आहे. त्याचं सील वगैरेचं बघायला थोडं लवकर जा, दुपारी बारानंतर गर्दी असते.

खिडकीतली_मांजर
दुप्पट किंवा हजार, यातलं कमी. वा.

मडगावचो_मनू
पावसाचं कोणीच बोललं नाही म्हणून लिहितो. आमच्याकडे जून ते सप्टेंबर कपाटातली चामड्याची चप्पल हिरवी होते, कार्डाचं काय विचारता.

होलो कार्ड म्हणजे कागदावर पातळ फॉइल. दमट हवेत कागद ओल धरतो आणि फुगतो, फॉइल फुगत नाही. मग कार्डाच्या कडा चित्राच्या बाजूने वर उचलतात. फार कोरड्या हवेत उलटं होतं, कागद आकसतो आणि कडा मागे वळतात. आता गंमत बघा: तुम्ही पावसात, दमट खोलीत बसून कार्ड टीम बॅगेत हवाबंद केलंत, तर ती दमट हवाही आत बंद झाली. गुवाहाटीपर्यंत ती आतच. म्हणून आधी कार्ड एक-दोन दिवस कोरड्या जागी ठेवा. एसीची खोली असेल तर बरं, नाहीतर घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाकून. मग तिथेच पॅक करा.

सिलिका जेल पाकिटात टाकावं का, यावर आमच्या ग्रुपवर भांडणं झाली आहेत. माझं मत, टाकू नये. पुडी गोल फुगीर असते, पुठ्ठ्याच्या सँडविचमध्ये ती कार्डावरच दाबली जाते. टाकायचीच असेल तर सँडविचच्या बाहेर, आणि बाहेर टाकून हवाबंद टीम बॅगेच्या आतल्या कार्डाला तिचा उपयोग काय?

त्यापेक्षा सँडविच पूर्ण झाल्यावर ते सगळंच्या सगळं झिपवाल्या पिशवीत घाला. पुठ्ठा भिजला की त्याचा कडकपणा गेला, आणि ओला पुठ्ठा कार्डाशेजारी असणं हे पुठ्ठा नसण्यापेक्षा वाईट. पुठ्ठासुद्धा पिशवीच्या आत हवा, बाहेर नको.

चाफेकळी
मनू, पुठ्ठा पिशवीच्या आत, हे फार महत्त्वाचं. माझ्या प्रतिसादात ही पायरी जोडून वाचावी.

तिकीटगोळा
मी पोस्टाच्या तिकिटांचा संग्राहक, कार्डांचा नाही, पण दुखणं तेच. कोल्हापुरात स्टेशनरीच्या दुकानात मिळणाऱ्या मऊ, लवचिक, वास येणाऱ्या प्लास्टिकच्या पिशव्या वापरू नका. ते मऊ पीव्हीसी असतं. ते मऊ ठेवायला त्यात जे तेलकट रसायन घालतात ते हळूहळू बाहेर येतं आणि छपाईला चिकटतं. जुन्या अल्बमांमधली तिकिटं त्यानेच गेली.

टॉपलोडरही पीव्हीसीचेच असतात असं म्हणून कोणी घाबरवेल, तर ते कडक पीव्हीसी, त्यात हा प्रकार फारच कमी. शिवाय मधे पॉलिप्रोपिलीनची स्लीव्ह असते. चार दिवसांच्या प्रवासाला काही होत नाही. मी बोलतोय ते लोक कार्ड आलं की त्याच पिशवीत वर्षानुवर्षं ठेवतात त्याबद्दल.

बोळातला_बॉलर
राजेहो, तुमचं सगळं नव्या कार्डांचं चाललंय. माझ्याकडं बिग फन च्युइंगममधले क्रिकेटवाले कागद आहेत, आणि डब्ल्यूडब्ल्यूएफची जुनी ट्रम्प कार्डं. नागपूरहून औरंगाबादला एकाला पाठवायची हायेत. यांचं माप टॉपलोडरमध्ये बसत नाही. काय करू?

तिकीटगोळा
ते नाव आता छत्रपती संभाजीनगर. हलके घ्या.

बिग फनचा कागद पातळ आणि ठिसूळ, त्याला तिकिटासारखंच वागवा. साध्या पॉलिप्रोपिलीनच्या पिशवीत एक कोरा जाड कागद घाला, त्यावर कार्ड, कशाने चिकटवायचं नाही. पिशवी कार्डापेक्षा मोठी असेल तर जादा भाग मागे दुमडा. मग वर सांगितलेलं पुठ्ठ्याचं सँडविच. ट्रम्प कार्डं पोकेमॉनपेक्षा वेगळ्या मापाची असली तरी जाड असतात, त्यांना मोठ्या मापाचे टॉपलोडर मिळतात. नाही मिळाले तर पुठ्ठ्यावर भागेल.

चाफेकळी
मापाचा विषय निघालाच आहे तर: पोकेमॉन, मॅजिक यांची कार्डं ६३ बाय ८८ मिलिमीटर. यु-गि-ओ लहान, ५९ बाय ८६. साध्या टॉपलोडरमध्ये यु-गि-ओचं कार्ड इकडून तिकडे सरकतं, त्यासाठी आधी त्याच्या मापाची घट्ट स्लीव्ह घाला, मग वरून पेनी स्लीव्ह. टॉपलोडरवर ३५ पीटी, ७५ पीटी असं लिहिलेलं असतं ती जाडी. एक पॉइंट म्हणजे इंचाचा हजारावा भाग. साध्या कार्डाला ३५ पुरे. जर्सीचा तुकडा बसवलेली क्रिकेट-फुटबॉलची जाड कार्डं ३५ मध्ये कोंबू नका, कडा सोलतात.

एडिसनकर
न्यू जर्सीहून. इकडे प्रश्न वेगळा आहे, कोणाला उपयोग होईल म्हणून लिहितो. इथे साधं पत्र यंत्रातून जातं, पट्टे आणि रोलर त्याला वळवत नेतात. त्यामुळे साध्या पांढऱ्या पाकिटात कडक टॉपलोडर टाकला की एकतर जास्तीचं शुल्क लागतं, नाहीतर टॉपलोडर पाकीट फाडून बाहेर येतो आणि गिऱ्हाइकाला फाटकं पाकीट मिळतं. पत्राची जाडी पाव इंचाच्या आत लागते. ईबेची स्वस्त पाकिटाची सोय आहे, ती वीस डॉलरपर्यंतच्या कार्डांना आणि तीन औंसांपर्यंतच चालते, ट्रॅकिंगसकट. त्यापुढचं सगळं बबल मेलरमधून पार्सल.

ग्रेडिंगला (कार्डाची अवस्था तपासून दर्जा ठरवून घ्यायला) पाठवणारे मात्र टॉपलोडर वापरत नाहीत. पीएसए या ग्रेडिंग कंपनीला कार्ड सेव्हरसारखे अर्धकडक होल्डर लागतात, त्यातून कार्ड काढायला त्यांना सोपं जातं.

भारतातून इकडे पाठवणाऱ्यांसाठी: २०२५ च्या ऑगस्टअखेर आठशे डॉलरपर्यंतची करमाफी गेली. तेव्हा भारतीय टपाल खात्याने इकडची बरीचशी पार्सलं काही आठवडे बंद ठेवली होती, ऑक्टोबरमध्ये सेवा पुन्हा सुरू झाली. पण आता ड्युटीचा हिशोब आधी करा आणि कोण भरणार ते गिऱ्हाइकाशी लिहून ठरवा. भारतात येणाऱ्या पार्सलवर 'गिफ्ट' लिहून सुटका होईल असं समजू नका, ती सवलत २०१९ च्या डिसेंबरमध्येच गेली. त्यातून राखी आणि जीवरक्षक औषधं तेवढी वगळली आहेत.

बाजीराव_रोडवरचा
राखीच्या पाकिटात चारिझार्ड पाठवणारा कोणीतरी निघणार बघा.

खिडकीतली_मांजर
एक विचारू? ग्रुपवर सगळे विक्रेते लिहितात 'उघडतानाचा अखंड व्हिडिओ नसेल तर तक्रार चालणार नाही'. हे बरोबर आहे का? मी पार्सल हातात आल्यावर एका हाताने मोबाइल धरून दुसऱ्या हाताने उघडू की काय?

चाफेकळी
मीही मागते. त्यामागे कारण आहे, काही महाभाग चांगलं कार्ड ठेवून घेतात आणि घरातल्या मुडपलेल्या कार्डाचा फोटो पाठवतात. पण मागायचा तर विक्रेत्यानेही पॅकिंग करतानाचा व्हिडिओ द्यावा, कार्डाच्या चारही कोपऱ्यांसकट, पुढून-मागून. एकतर्फी अट मला पटत नाही. आणि एका हाताने उघडायला लावणं म्हणजे कार्ड पाडायला लावणं. मोबाइल पुस्तकांच्या चळतीला टेकवून ठेव. टेपचं टोक दुमडलेलं असेल तर दोन मिनिटांत व्हिडिओ होतो. ते टोक त्यासाठीही आहे.

मडगावचो_मनू
व्हिडिओच्या आधी पाकीट बाहेरून सहा बाजूंनी दाखवायचं. ओलं असेल, फाटलेलं असेल तर पोस्टमन समोर असतानाच.

पिंपरीचा_पंटर
आज दिवसभर हेच चाललंय. भाचीच्या अभ्यासाच्या खोलीत एसी आहे, तिथे बसून पॅक केलं. चारिझार्डचं सँडविच चाफेकळीताईंच्या पद्धतीने, नळ्या उभ्या-आडव्या. वाकवून बघितलं, अजिबात हलत नाही. टीम बॅग मिळाली नाही, मास्किंग टेप मिळाली, टोक दुमडलं. सगळं झिपच्या पिशवीत.

आता अटॅक्सची पंचवीस कार्डं राहिली. त्यांची गड्डी साधारण आठ मिलिमीटर होते. रबरबँड लावून वरच ठेवू का?

चाफेकळी
रबरबँड नको!! कडेला खाच पडते, आणि उन्हात थैली तापली तर रबर चिकटतं. गड्डीच्या खाली-वर कार्डाच्याच मापाचे पातळ पुठ्ठे लाव, वहीच्या मागचं कव्हर असतं तसले. मग त्यावर कागदाची रुंद पट्टी फिरवून पट्टीचं टोक पट्टीलाच चिकटव. टेप कार्डाला लागता कामा नये. मग वेगळी छोटी पिशवी.

आणि ही गड्डी चारिझार्डच्या वर ठेवू नकोस, शेजारी ठेव. वर ठेवलीस तर सुतळी आवळली की गड्डीची कड थेट टॉपलोडरवर दाबेल. मोठ्या पुठ्ठ्यावर दोन्ही शेजारी-शेजारी, मधे घडी घातलेला कागद, म्हणजे एकमेकांवर आपटणार नाहीत. तेवढं पाकिटात मावत नसेल तर सरळ छोटा खोका कर.

बाजीराव_रोडवरचा
आणि खोक्यात उरलेल्या जागेत बबल रॅप.

चाफेकळी
हो, तिथे बबल रॅप. जिंकलास.

पिंपरीचा_पंटर
खोकाच करतो. काका, शेवटचा प्रश्न. काउंटरवर 'आत काय आहे' विचारलं तर काय सांगू? 'पत्ते' म्हणालो तर उगाच जुगारवाला समजतील. आणि खोक्यावर बाहेर लिहायचं का?

टपालकाका
'खेळाची छापील कार्डं' म्हणा, खरं तेच सांगा. किंमत विचारली तर तीही खरी, कारण विमा त्याच आकड्यावर उतरतो. खोक्यावर बाहेर मात्र काही लिहू नका, ना कार्डाचं नाव, ना किंमत. पत्ता, पिनकोड, फोन, मागे तुमचा पत्ता. पावती मिळाली की तिचा लगेच फोटो काढा, त्या कागदावरची शाई महिन्याभरात उडते आणि चौकशीला गेलात की पहिल्यांदा नंबरच मागतात. आणि पोस्टात शनिवारी नका जाऊ.

चाफेकळी
ट्रॅकिंग नंबर गिऱ्हाइकाला त्याच दिवशी पाठव, त्याने विचारायची वाट बघू नकोस. बॉलर, तुमच्या ट्रम्प कार्डांसाठी मोठ्या मापाचे टॉपलोडर माझ्याकडे थोडे पडून आहेत, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.